मधोमध थांबलेला काटा

सिडको, नाशिक
१२ जानेवारी २०२५

आदरणीय भिकन मामा,
सविनय जय भीम.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझा आवाज लय पातळ येतो, टॉवरचं काही खरं नाही. कामाचं असेल तर पत्र लिही." कामाचं आहे, म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर तुमच्या नव्या पिकअपमध्ये बसून मी देवळ्याहून लासलगावला आले होते. मागे दीड टन कांदा होता. भावडबारीचा चढ लागला तेव्हा मी समोरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होते. चढाच्या आधी तो मधोमध होता. चढावर मधोमध. उतरतानाही मधोमध. गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत होती आणि काटा केसभरही हलला नाही. मला ते खटकलं.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांचे मीटर तपासायला येतात. मीटर जे दाखवतो ते खरं आहे का, हे पाहणं एवढंच माझं काम. एका भंगारातल्या पिकअपचं पॅनेल मिळवून मी त्याला सेन्सरच्या जागी वेगवेगळ्या तापमानाएवढा विद्युतप्रवाह देऊन पाहिला. अठ्ठ्याहत्तर अंशापासून एकशे पाच अंशांपर्यंत काटा एकाच जागी उभा राहिला. मग एकदम लाल पट्टीत गेला. आमचे वरिष्ठ म्हणाले, हा बिघाड नाही, मुद्दाम तसं करतात. काटा सारखा हलला की चालक घाबरतो आणि गाडी दुरुस्तीला आणतो.

माझं म्हणणं असं की तुमच्या पिकअपला दोन वेगळे मीटर लावावेत. एक पाण्याच्या तापमानाचा, एक तेलाच्या दाबाचा. आधीच्या गाडीचं इंजिन बसलं तेव्हा तुम्ही आठ महिने दुसऱ्याच्या गाडीवर बदली चालक म्हणून राबलात, आणि माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपेपर्यंत मला कळूही दिलं नाही. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तिचा उपयोग कारखान्यांना व्हावा आणि तुमच्या गाडीला होऊ नये, हे मला पटत नाही.

सवितामामींना जय भीम.

आपली भाची,
तेजल


देवळा
२० जानेवारी २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, थोडं मोठं काढत जा.

मीटर बसवायचे नाहीत. गाडी नवी आहे, वायरी तोडल्या की वॉरंटी गेली. तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं तर म्हणते, "लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात, आपण ते सोडलं. आता घड्याळं बांधा."

खरं कारण वेगळं आहे, ते तुला सांगतो. इंजिन बोलतं आणि मी ते बत्तीस वर्षं ऐकतोय. रविवारी मार्केट बंद असतं. त्या दिवशी आपल्या समाजमंदिरासमोर चार-सहा गाड्या येऊन थांबतात, कोणाची पिकअप, कोणाचा ट्रॅक्टर. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट ढिलं आहे की बेअरिंग गेलं, सगळं हाडात येतं. मी "जा" म्हटलं की माणूस माल भरून इंदूरपर्यंत जातो. मल्हारी तर म्हणतो, "दवाखान्यात नंबर लागतो, पण भिकनदादाकडे नाय लागत."

मल्हारीच्या आजोबांच्या ओट्याखाली माझा बाप उभा राहायचा. पायरी चढायची नाही, असा रिवाज होता. आज मल्हारी माझ्यासमोर गाडीचं बॉनेट उघडून मी काय म्हणतो याची वाट बघतो. हे मला कोणी दिलं नाही, माझ्या कानाने मिळवलं. उद्या माझ्याच गाडीत मीटर दिसले, तर लोक म्हणतील भिकनचा स्वतःच्या कानावर भरवसा राहिला नाही.

कंपनीचा काटा मधोमध राहतो तर राहू दे. मी त्याच्याकडे बघतच नाही.

आक्का आणि दाजींना जय भीम.

तुझा मामा,
भिकन


सिडको, नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बॉनेटचं लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं. पत्र घडी करून तिने स्वतःकडे ठेवलं.

तुमच्या कानावर मला शंका नाही. पण पाणी तापताना आवाज करत नाही, मामा. ते उकळून बाहेर येतं तेव्हाच ऐकू येतं, आणि तोवर इंजिनाचं हेड गॅस्केट गेलेलं असतं. कान जिथे पोचतो तिथे कान, जिथे पोचत नाही तिथे मीटर. यात कोणाचा अपमान नाही.

दाबाचा मीटर राहू दे. फक्त तापमानाचा पाठवते आहे, उद्याच्या एसटीने पार्सल येईल. वायर एकही तोडायची नाही. रेडिएटरच्या वरच्या पाइपात एक जोड बसवायचा, त्यात सेन्सर. वीज फ्यूजच्या पेटीतून घ्यायची. मीटर स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ लावा. बाहेरून कोणाला दिसणार नाही.

तुम्हाला काट्याकडे बघायची सवय नाही हे ध्यानात घेऊन मी त्याला एक बझरची छोटी डबी जोडली आहे. एकशे दोन अंश झाले की ती वाजेल. तुम्ही रस्त्याकडेच बघा, ती हाक मारील. सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून सोबत ठेवल्या आहेत. शेवटची पायरी: इंजिन बंद असताना डबीवरचं बटण दाबून आवाज तपासावा.

दोन महिने लावून बघा. नको वाटलं तर काढून टाका.

आपली,
तेजल


देवळा
२४ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

तू वकील व्हायला हवी होतीस. मीटर बसवला. कोणाला दाखवला नाही, कोणाला सांगितलं नाही. फक्त सविताने विचारलं, "गुडघ्यापाशी काय लपवलंय?" मी म्हटलं, "तुझ्या भाचीची घड्याळं."

तुझं म्हणणं निम्मं खरं निघालं. सहा फेऱ्या झाल्या. सपाटीला पंच्याऐंशी दाखवतो. भावडबारीच्या शेवटच्या वळणावर सत्त्याण्णव झाला आणि कंपनीचा काटा तसाच मधोमध. मी गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर नव्वदवर आला. बत्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आता चढाला गिअर लवकर पाडतो.

डबी मात्र मुकी आहे. सविता कांदा काढायला गेली होती, मी एकटाच अंगणात होतो. इंजिन बंद, सगळं शांत. बटण दाबलं, काही नाही. वायर उलटसुलट करून पाहिली, टेस्टरला करंट येतो. डबी परत पाठवली आहे. बघ.

रमाई जयंतीला इकडे कार्यक्रम चांगला झाला. तुला बोलवा, असं सगळे म्हणत होते, पोरींना दोन शब्द सांगायला.

तुझा मामा,
भिकन


सिडको, नाशिक
३ मार्च २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

डबी मिळाली. वीज जोडताच ती वाजली. शेजारच्या टेबलावरची तेजस्विनी कानांवर हात ठेवून उठून आली, "अगं बंद कर ते, दाढा ठणकल्या." मग मी ती रीतसर आवाजमापकासमोर ठेवून तपासली. जे हवं तेच मिळालं.

वाटेत धक्क्याने जोड सुटला असेल आणि परत येताना पुन्हा बसला असेल, असं समजून ती डबी आणि सोबत एक नवी, अशा दोन पाठवते. दोन्हींचे तपासणीचे कागद माझ्या सहीने आहेत. एक तरी वाजेलच.

सत्त्याण्णव अंश वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे तुम्ही काट्याकडे बघता.

आपली,
तेजल


देवळा
१७ मार्च २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

दोन्ही डब्या मुक्या. नाशिकला वाजतात आणि देवळ्याला वाजत नाहीत, म्हणजे त्यांनाही टॉवर लागत असेल. तुझी सही कागदावर चांगली दिसते, पण कागद वाजत नाही. मीटर ठेवतो, डब्या घेऊन जा.

काल रविवारी मल्हारी पिकअप घेऊन आला. आपला दिनेश तिथे होता. तो आयटीआय करून गॅरेजला लागल्यापासून त्याला सगळं कळतं. म्हणाला, "काका, बेल्ट चिरकतोय. मला इथून येतोय आवाज."

मी म्हटलं, "तुझ्या कानांना मोबाईलची गाणी कळतात. इंजिन कळायला अजून वीस वर्षं लागतील." लोक हसले.

स्क्रूड्रायव्हर दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. इंजिन स्वच्छ. मल्हारीला म्हटलं, "जा." तो दिनेशकडे बघून म्हणाला, "झालं का समाधान? दादा जा बोल्ला."

तेव्हा मीटर चांगली गोष्ट आहे, पण मीटर म्हणजे कान नव्हे.

तुझा मामा,
भिकन


सिडको, नाशिक
२१ मार्च २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

दोन्ही डब्या वाजतात. मी स्वतः ऐकल्या आहेत आणि मोजल्या आहेत. करंट येतो असं तुम्हीच लिहिलंत. मग एकच शक्यता उरते आणि ती लिहिताना मला वाईट वाटतं. तुम्हाला हे सगळं नको आहे, आणि तसं सरळ न सांगता तुम्ही डबीवर ढकलता आहात.

सातवीत मी गणिताचे मार्क लपवले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, कमी मार्क चालतील, लपवलेले चालणार नाहीत. ते मी आजवर पाळलं. तुम्ही माझ्याशी तसंच वागावं, एवढीच अपेक्षा आहे. नको असेल तर नको म्हणा. मी पुन्हा विषय काढणार नाही.

आपली,
तेजल


देवळा
२ एप्रिल २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मागच्या मंगळवारी मिळालं. लगेच उत्तर लिहिता आलं नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

सोमवारी सकाळी मल्हारी रांगडा कांदा भरून लासलगावला निघाला. भावडबारीच्या निम्म्या चढावर त्याचा बेल्ट तुटला. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, हे त्याला ठाऊक नाही. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. त्याला वाटलं, चार्जिंगचं काहीतरी आहे, माथ्यावर जाऊन बघू. तापमानाचा काटा मधोमध होता. माथ्याच्या अलीकडे काटा एकदम लाल झाला आणि वाफ आली. त्याने उतरून फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. इंजिन उघडावं लागलं.

दुपारी त्याला बघायला गेलो. हाताला पट्टी, खाटेवर बसला होता. मी विचारलं, "बेल्ट तुटायच्या आधी काही आवाज नाही आला?"

म्हणाला, "येत होता की. सकाळपासून चिरकत होता. पण तुम्ही जा बोल्ला होता ना, दादा. मी म्हटलं, माझाच कान खराब."

हे तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. वाचलं. मग एक डबी काढली, अंगणात बॅटरीला जोडली आणि बटण दाबून धरलं. काही नाही. सविता आत भाकरी टाकत होती. मी हाक मारली, "सविता, काही येतंय का ऐकू?"

ती म्हणाली, "कवाचं डोकं उठवलंय त्यानं. बंद करा आधी."

मी बटण सोडलं. "आता?"

"आता झालं बंद."

असं पाच वेळा केलं. कधी दाबतो, कधी सोडतो, ते तिला दिसत नव्हतं. पाचही वेळा तिने बरोबर सांगितलं.

मग ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून तिला कळलं. म्हणाली, "कुकरची शिट्टी, फोनची रिंग, तेजलचं बोलणं. चार वर्षं झाली. मला वाटलं, सगळे नवरे असेच असतात."

मी खोटं बोललो नव्हतो, एवढं कळवण्यासाठी हे पत्र. डब्या दोन्ही चांगल्या आहेत.

हे कोणाला सांगू नकोस. आक्कालाही नाही.

तुझा मामा,
भिकन


सिडको, नाशिक
७ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

मागच्या पत्राबद्दल माफी मागते. मी डबी तपासली, वायर तपासली, तुमचा प्रामाणिकपणाही तपासायला निघाले. ऐकणाऱ्याकडे बघायचं मला सुचलं नाही. तुम्ही शांत अंगणात उभं राहून लिहिलं होतंत की काही येत नाही. ते जसंच्या तसं खरं मानलं असतं तर फेब्रुवारीतच कळलं असतं, आणि मल्हारीमामांचा हात भाजला नसता. हे माझ्याकडूनही झालं आहे.

आमचे वरिष्ठ आधी कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये होते. त्यांच्या पाठीमागे मी काल डबी वाजवली. ते लिहीतच राहिले. नंतर विचारलं तर शांतपणे म्हणाले, "माझे वरचे आवाज गेलेत. आमच्या शॉपमधल्या सगळ्यांचेच जातात." यंत्रांजवळ आयुष्य काढणाऱ्यांचे बारीक, तीव्र आवाज आधी जातात आणि जाड आवाज राहतात. म्हणून टॅपेट आणि बेअरिंग तुम्हाला अजून नीट कळतात. बेल्टचं चिरकणं कळत नाही. मल्हारीमामांचं बोलणं येतं, माझं फोनवरचं येत नाही. टॉवर बहुतेक ठीक आहे.

मालेगावला कानांची तपासणी होते. तिथे जा. आणि तोवर कोणाच्या गाडीला "जा" म्हणू नका.

मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगावं, निदान मल्हारीमामांना. ते अजून स्वतःचा कान खराब समजत आहेत.

आपली,
तेजल


देवळा
२१ एप्रिल २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

मालेगावला जाऊन आलो. कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात. आवाज आला की बोट वर करायचं. सुरुवातीला बोट वर केलं. नंतर बराच वेळ काही वाजलं नाही, म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसलो. काचेपलीकडची बाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग माझ्या ध्यानात आलं की ते वाजत होतं.

डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा, गाडी चालवताना आरसे बघत जा. अजून काय काय म्हणाले. कागद सोबत पाठवला आहे.

जयंतीच्या मिरवणुकीला अकरा वर्षं बाबासाहेबांची प्रतिमा माझ्याच गाडीत असते आणि गाडी मीच चालवतो. यंदा पुढे पोरं नाचत असणार, लहान मुलं चाकाजवळ येतात, कोणी ओरडलं तर मला येईल की नाही सांगता येत नव्हतं. मी ताप आहे म्हणून सांगितलं. गाडी दिनेशने चालवली. ताप नव्हता. घरासमोरून मिरवणूक गेली तेव्हा मी दारातून हात जोडले.

रविवारी लोक आले की सविता सांगते, "बाहेर गेलेत." मी आत बसलेला असतो. दोन रविवार झाले. मल्हारीला अजून काही बोललो नाही.

तू यंत्रांना दाखला देतेस. हा कागद वाच आणि सरळ सांग. मशीन लावून मी पुन्हा इंजिन ऐकून "जा" म्हणू शकतो का? डॉक्टरला विचारलं नाही. त्याला स्क्रूड्रायव्हर समजावून सांगत बसावं लागलं असतं.

तुझा मामा,
भिकन


सिडको, नाशिक
२६ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमचा कागद मी तीनदा वाचला. नाव झाकून इथल्या एका कान तपासणाऱ्या ताईंनाही दाखवला. हे पत्र सौम्य करून लिहायचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले. आता सरळ लिहिते.

नाही.

कागदावरचा आलेख डावीकडे, म्हणजे जाड आवाजांना, जवळजवळ ठीक आहे. मध्यापासून उतरतो आणि उजवीकडे अगदी खाली जातो. दोन्ही कानांचा तसाच. मशीनने बोलणं समजायला मदत होईल, माझा फोनही कदाचित ऐकू येईल. पण चालू इंजिनाच्या गोंगाटातून बेल्टचा बारीक आवाज वेगळा काढून देण्याची खात्री मशीन देत नाही, असं त्या ताई म्हणाल्या. मशीन लावून तुम्हाला कदाचित येईल. कदाचितवर कोणाला घाटात पाठवता येत नाही.

आमच्याकडे काही मीटर असे येतात की निम्म्यापर्यंत अचूक असतात आणि पुढे चुकतात. ते आम्ही फेकत नाही. दाखल्यावर लिहितो, इथपर्यंतच वापरावा, आणि काचेवर तिथे लाल रेघ मारतो. रेघ मात्र बाहेरून दिसावी लागते. ती दिसत नसेल तर मीटर आम्ही परत देत नाही.

माझ्या आजोबांना पायरीखाली उभं केलं, ते त्यांच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. आणि तुम्ही जे मिळवलंत ते दारामागे बसून टिकणार नाही. लहान तोंडी मोठा घास होत असेल, तरी हे माझं मत आहे.

मिरवणुकीला गाडी चालवली नाहीत ते बरोबर केलंत. ताप सांगितलात ते चूक. एरवी गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. त्यांनी सांगितलं तसं मशीन लावून, आरसे बघून चालवा. बझरच्या जागी मोठा लाल दिवा असलेली डबी उद्या पाठवते. ती डोळ्यांसमोर लावा, गुडघ्याजवळ नको.

आपली,
तेजल


देवळा
५ मे २०२५

चि. तेजल,
सप्रेम जय भीम.

दिव्याची डबी मिळाली. स्टिअरिंगच्या वर लावली आहे, मीटरही वर घेतला. मशीनचं माप देऊन आलो, पंधरा दिवस लागतील.

काल रविवार होता. सविता बाहेर जाऊन "गेलेत" सांगायला निघाली, तिला मी थांबवलं आणि स्वतः गेलो.

तीन पिकअप होत्या, एक ट्रॅक्टर. आठ-नऊ माणसं, त्यात दिनेश. मल्हारीही होता. त्याच्या गाडीचं इंजिन बांधून झालं आहे, हाताची पट्टी सुटली आहे. गाडी त्याने सगळ्यांच्या मागे, रस्त्यालाच लावली होती.

मी म्हटलं, "आधी ऐका. मला जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. मालेगावला तपासून आलोय, कागद घरात आहे. मल्हारीचा बेल्ट चिरकत होता, तो मला ऐकूच आला नाही. दिनेश बरोबर होता, मी त्याला हसलो. मल्हारीचे कान चांगले आहेत. आणि जयंतीला मला ताप नव्हता."

मल्हारी बोटाने गाडीच्या काचेवरची धूळ पुसत होता.

शेवटी ट्रॅक्टरवाले गेणूबाबा म्हणाले, "मंग गाड्या कोणी ऐकायच्या आता?"

मी म्हटलं, "जाड आवाज मी ऐकीन. बारीक दुसऱ्या कोणीतरी ऐकायला पाहिजे. दोघांनी मिळून सांगू. आणि पाण्याचा मीटर लावून घ्या. माझ्या गाडीत आहे, बघून जा."

दिनेश म्हणाला, "सविताकाकूंना बोलवा की. त्यांना चार घरं सोडून चाललेलं भांडण ऐकू येतं."

लोक हसले. सविता दारातच उभी होती, म्हणाली, "तुझ्याच घरचं असतं ते." पण आली. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला तर म्हणते, "तो नको. मला इथूनच येतंय." पहिल्या पिकअपच्या डाव्या बाजूला तिने बोट दाखवलं, "तिथं काहीतरी चिरचिरतंय." दिनेशने हात घातला. आल्टरनेटरचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला होता, मला तिथे काहीच लागलं नव्हतं. ते मी सगळ्यांसमोर सांगितलं.

लोकांनी माझ्या गाडीतला मीटर वाकून वाकून पाहिला. गेणूबाबांनी विचारलं, "काय शे ते?" मी सांगितलं, "पाणी किती तापलं ते दाखवतो." भाचीने पाठवला म्हटल्यावर दोघांनी तुझा नंबर मागितला. मी दिला नाही, तुला विचारून देईन.

एकेक गाडी गेली. सगळ्यांत शेवटी मल्हारीने त्याची पिकअप पुढे आणली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरला. मी बॉनेट उघडलं, टेकू लावला, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. तो माझ्या बाजूने आला नाही. गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही जरा ऐका."

सविताने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ती पुढे झाली, मान वाकडी करून बराच वेळ उभी राहिली. मल्हारी तिच्या तोंडाकडे बघत होता. ती ऐकेपर्यंत मी बॉनेट हाताने धरून ठेवलं. टेकू लावलेला होता, तरी.

तुझा मामा,
भिकन